एक बाहुली, दोन नावं

सहा वर्षांपूर्वी आलेलं ते पत्र मौनीबाबांना तोंडपाठ होतं. पुरस्कार समितीच्या या अबोल कारकुनाला कचेरीत सगळे याच नावाने हाक मारत. उत्तर मात्र गेलं नव्हतं. चित्रपटांचं संकलन करणाऱ्या एका बाईंनी लिहिलं होतं, "दादा शपथ घेऊन सांगतो की पुरस्काराच्या अर्जावर त्याने माझंही नाव लिहिलं होतं. छापील यादीत तर त्याचं एकट्याचंच आहे. मी त्याच्याशी बोलणं टाकलंय. अर्ज तुमच्या हातून गेला. नाव होतं का, एवढंच कळवा."

नाव होतं. बहीणभावाने एकाच टेबलाशी बसून तो चित्रपट जोडला होता आणि अर्जावर दोघांची नावं एकाखाली एक होती. पण समितीच्या अध्यक्षांनी खालच्या नावावर लाल पेन्सिल ओढली. "पुरस्काराची बाहुली एकच आहे. दोघं काय मोडून वाटून घेणार?" ते स्वतःच्याच विनोदावर हसले. कारकुनाच्या खुर्चीतले मौनीबाबाही कसनुसं हसले आणि त्यांनी यादीत एकच नाव टाइप केलं. बाईंचं पत्र आल्यावर त्यांनी तो अर्ज शोधून घरी आणला. उत्तराचे कित्येक मसुदे केले आणि फाडले. कधी भाषा जमली नाही, बहुतेक वेळा धीर झाला नाही.

आज दुपारी टीव्हीवर पुरस्कार सोहळ्याचं पुनःप्रक्षेपण लागलं होतं. जीवनगौरव त्या दादांना होता. निवेदिका म्हणाली, "इतकी वर्षं एकहाती काम!" म्हातारा माइकपाशी वाकला. "एकहाती नाही हो. माझी धाकटी बहीण..."

तेवढ्यात भाषण आवरण्याची खूण म्हणून बँड वाजला. बोलायला पाऊण मिनिटच असतं म्हणे. दादांचे ओठ हलत राहिले, हसऱ्या मुलीने दंडाला धरून त्यांना पडद्याआड नेलं आणि लगेच साबणाची जाहिरात लागली. त्याआधी एका नटाने स्वतःच्या कुत्र्याचे आभार मानले होते, सावकाश.

मौनीबाबांच्या हातातला कप बशीवर आपटला. "पुन्हा गाळलं! त्या बहिणीचं नाव पुन्हा गाळलं!"

बायको स्वयंपाकघरातून बाहेर आली. चाळीस वर्षांत नवऱ्याचा आवाज एवढा चढलेला तिने ऐकला नव्हता. काय झालं ते तिने ऐकून घेतलं आणि शांतपणे विचारलं, "अहो, आज बँडने गाळलं. पहिल्यांदा कोणी?"

मौनीबाबा उठले. कपाटातून अर्ज काढला. लाल रेघेखाली "दुरुस्त केले" असं लिहून त्यांनीच सही ठोकली होती. काय दुरुस्त केलं होतं! त्यांना स्वतःच्या वळणदार अक्षराची शिसारी आली.

या वेळी मसुदा केला नाही. "ताई, दोन्ही नावं होती. दादांनी लिहिलेलं तुमचं नाव मी अध्यक्षांच्या सांगण्यावरून गाळलं. मूळ अर्ज सोबत आहे. हवं त्याला दाखवा, माझ्या सहीसकट." एका शब्दावर खाडाखोड झाली, ती तशीच ठेवली.

चपला अडकवून ते कोपऱ्यावरच्या टपालपेटीपर्यंत गेले. पाकीट फटीत अर्धं अडकलं. त्यांनी ते तळहाताने आत ढकललं.