गुलाबी दारं

धाकटीचा कॉम्प्युटर म्हणजे एक ना धड, भाराभर चिंध्या. पेटी जाऊबाईंच्या बंद पडलेल्या मशीनची, पंखा भंगारातला, आणि आतली सिस्टीम अशा कंपनीची, जी बजावून सांगते की ही फक्त आमच्याच मशीनवर चालवा. धाकटीने तिला लाडीगोडी लावून इथे नांदवली होती. याच संसारात तिने अख्खा गेम रचला: एक मांजर, एक गोदाम आणि भिंतींत लपलेली दारं. तो संध्याकाळपर्यंत एका गेम-कंपनीला पाठवायचा होता. आवडला तर घरबसल्या नोकरी.

दुपारी ती कपडे वाळत घालायला गेली आणि सासरे तिच्या खुर्चीत बसले. पोस्टाच्या खिडकीत त्यांनी आयुष्यभर कुणाला ताटकळत ठेवलं नव्हतं. पडद्यावर प्रश्न आला, अपडेट करू का? त्यांनी हो म्हटलं.

धाकटी परतली तेव्हा पडदा काळाठिक्कर. मशीन हूं की चूं करेना.

"इतकं अदबीने विचारत होतं," सासरे म्हणाले. "नाही कसं म्हणायचं?"

या उसन्या सिस्टीमला अपडेटचं वारंही लागू द्यायचं नसतं, हे तिने त्यांना कधी सांगितलंच नव्हतं, त्यामुळे रागवायचीही सोय नव्हती. नशीब, गेम वेगळ्या डिस्कवर होता. तिने पेनड्राइव्हवरून दुसरी, फुकटातली सिस्टीम चढवली. गेम बनवायचं सॉफ्टवेअर तिच्यावर चालेल याची हमी कुणीच देत नव्हतं. ते कण्हतकुंथत उघडलं खरं, पण दारांना दिलेला भिंतीसारखा रंग काही त्याला सापडेना. रंग सापडला नाही की ते भडक गुलाबी फासतं. लपवलेली सगळी दारं लांबूनच बोंबलू लागली.

धाकटीने कपाळाला हात लावला. बरीच खटपट केली, पण हुबेहूब भिंतीसारखा रंग काही जमेना. चहा टाकायला उठली, कप घेऊन परतली, तर सासरे पुन्हा खुर्चीत. ती ओरडणार, तोच तिचं लक्ष पडद्याकडे गेलं. सासरे गेम खेळत होते.

हा गेम त्यांनी पूर्वी अनेकदा खेळून पाहिला होता. दुसऱ्या खोलीपलीकडे मजल गेली नव्हती. छान आहे हो, म्हणत ते पेपर उघडायचे. नवरा तसाच, जाऊबाईही तशाच. आज मात्र मांजर खोल्यांमागून खोल्या पार करत होतं आणि सासरे त्याला चुचकारत होते. शेवटची खोली संपली तसा त्यांनी चष्मा काढला.

"एवढाच? पुढच्या खोल्या कुठायत?"

असं तिला आजवर कुणी विचारलं नव्हतं. सगळे तिचं मन राखत होते, इतकंच. दारं लपवायच्या नादात आपण माणसंच बाहेर ठेवली, हे तिला तिथे, हातात कप धरून उभ्याउभ्याच कळलं. तिने तो भडकपणा जरासा निववला, दारं गुलाबीच ठेवली आणि गेम पाठवायला घेतला.

"थांब," सासरे म्हणाले. "मधल्या खोलीत त्याला पाण्याची वाटी ठेव. बिचारं किती फिरतंय."

तिने वाटी ठेवली. मगच पाठवला.

नोकरीचं बोलावणं आलं, तेव्हा फोनवरच्या बाईंनी आधी वाटीचीच चौकशी केली. कुणाला सुचली म्हणे? सासरे शेजारीच घुटमळत होते. धाकटीने फोन सरळ त्यांच्या हातात दिला.