गोड श्वासाचा देव

शिंप्याच्या खोलीत मुंगी शिरायला जागा नव्हती. शिलाईचं मशीन भिंतीशी ढकललेलं, आणि मधल्या खाटेवर त्याची बायको, कुशीत तान्हं बाळ. बाया एकेक करून पुढे व्हायच्या, तिच्या तोंडाशी नाक न्यायच्या आणि डोळे मिटायच्या.

"अगं बाई! पिकल्या फळासारखा वास येतोय!"

"मी काय म्हणालो होतो?" भगव्या कफनीतले बाबा खुर्चीत रेलले. त्यांचं पोट पाहता त्यांनी स्वतः कधी जेवण चुकवलं असेल असं वाटत नव्हतं. "बाळ रडतं ते आईच्या अन्नापायी. अन्न सुटलं की दूध निर्मळ होतं, श्वासात देव उतरतो. उतरला!"

आठवडाभर ती नुसत्या पाण्यावर होती. शिंप्याने सुरुवातीलाच कुरकुर केली, तेव्हा त्याच्या आईने त्याला झापलं होतं, "तुला काय कळतं रे यातलं?" तो बिचारा खाली मान घालून बटणांची काजं करत बसला.

आता बायकोला धाप लागली होती. सकाळपासून उलट्या होत होत्या.

"अहो, मला काहीतरी खायला द्या ना."

"ही परीक्षा आहे," बाबा म्हणाले. "आता खाल्लं तर केलेलं सगळं पाण्यात!"

शिंप्याने मग कुणाचंच ऐकलं नाही. बायकोला उचललं आणि थेट दवाखाना गाठला.

डॉक्टरीणबाईंनाही तो वास आला. त्यांनी डोळे मिटले नाहीत, आधी सलाईन लावलं.

"हा उपासमारीचा वास आहे. पोटात अन्न नाही, वर बाळ दूध ओढतंय. शरीर स्वतःचीच चरबी जाळत सुटतं, रक्तात आम्ल साठतं, श्वास असा गोडसर होतो. फार उपाशी राहिलं तर कुणाचाही होईल. पाजणारीचा लवकर होतो."

"वाचेल ना?"

"फार उशीर झालाय हो."

संध्याकाळी ती गेली.

पुढच्याच आठवड्यात बाबांनी दुसरी बाळंतीण उपासाला बसवली. शिंपी तिथे गेला. मागोमाग बाळाला घेऊन त्याची आईही आली.

"तुझ्या बायकोचा उपास मोडला, म्हणून देव कोपला," बाबा गरजले.

"तिनं मोडलाच नाही. मी मोडायला लावला नाही, म्हणून ती गेली." शिंप्याला रडू आवरेना. तो त्या बाळंतिणीकडे वळला. "ताई, तो वास देवाचा नसतो, उपाशी पोटाचा असतो. पाजणाऱ्या बाईनं पोटभर जेवायचं असतं. उठा, काहीतरी खा, डॉक्टरांना दाखवू."

बाळंतीण सासूच्या तोंडाकडे पाहत राहिली. तेव्हा शिंप्याची आई पुढे झाली आणि तिने बाळंतिणीचा हात धरला.

"ऊठ पोरी. मी नाही ऐकलं माझ्या लेकाचं."

आजीच्या कडेवरचं बाळ तिच्या छातीशी तोंड घासत दूध शोधत होतं.