उजवीकडचा ढीग

कालवं फोडणाऱ्या बाया उजव्या हातात सुरी धरतात आणि रिकामे शिंपले डावीकडे टाकतात. तैवानच्या त्या सगळ्या किनाऱ्यावर हीच रीत. थियाम-होकच्या शेडमध्ये एकटी त्याची बायको ग्योक-हा डावरी होती, म्हणून तिचा ढीग उजवीकडे पडायचा. शेजारची बाई रोज कुरकुरायची, "तुझे शिंपले माझ्या पायात येतात गं."

"मग पाय घरी ठेवून ये," ग्योक-हा म्हणायची.

ती उन्हाळ्यात गेली. तिचं बुटकं स्टूल थियाम-होकनं कुणाला दिलं नाही.

वर्ष संपत आलं, बायांना सुट्टी दिली, आणि त्या स्टुलाच्या उजवीकडे शिंपले दिसू लागले. पहिल्या सकाळी मूठभर होते. मग रोज वाढत गेले. ओले, ताजे. तो कुणाशी बोलला नाही. बोलला असता तर मुलानं डॉक्टरकडे नेलं असतं. भीती वाटत होती, तरी ते झाडून टाकायला त्याचा हात धजावत नव्हता.

वर्षाच्या शेवटच्या दिवशी दुपारी घरात पितरांचं ताट मांडलं. कोंबडी, मासा, कालवांचं सूप. आधी गेलेल्यांनी जेवायचं, मग घरच्यांनी. उदबत्त्या अर्ध्या जळाल्यावर थियाम-होकनं लाल लाकडाच्या दोन चंद्रकोरी ओंजळीत घेतल्या. "ग्योक-हा, जेवलीस का?" असं विचारून जमिनीवर टाकल्या. एक उताणी, एक पालथी पडली की होय. दोन्ही पालथ्या पडल्या.

"जेवतायत अजून," सून म्हणाली. "आईंना घाई कधी होती?"

त्यानं पुन्हा टाकल्या. पुन्हा पालथ्या. मुलानं, बुन-हिओंगनं, टाकून पाहिल्या. दोन्ही उताण्या. म्हणजे ती हसत होती.

"सूप गार झालं, बाबा," तो म्हणाला. "तुम्ही नीट विचारत नाही."

"चाळीस वर्षं नीट विचारलं नाही, आता कुठून येणार?"

तेवढ्यात शेडमधून आवाज आला. टक्. टक्. शिंपल्यात सुरी शिरल्याचा. सुनेचा चेहरा उतरला.

"वारा आहे," बुन-हिओंग म्हणाला. पण तो जागचा हलला नाही. थियाम-होक उठला.

शेडमध्ये स्टुलावर एक बाई पाठमोरी बसली होती. डोक्याला फुलाफुलांचा रुमाल, बाह्यांवर चढवलेली प्लास्टिकची आवरणं, डाव्या हातात सुरी.

"ग्योक-हा?"

"मी आहे, बाबा." ती वळली. त्याची मुलगी सिऊ-किम होती. तिचा उजवा हात टॉवेलात गुंडाळला होता आणि बोटं सुजून काळीनिळी पडली होती.

"हे काय झालं?"

"नवऱ्यानं हात दारात धरून दार लावलं. म्हणाला, आता कमव बघू कशी कमावतेस ते." तिनं सुरी खाली ठेवली. "काडीमोडाच्या कागदावर डाव्या हातानं सही करून आले."

"मग घरात का नाही आलीस?"

"आज कशी येऊ? मोडून आलेल्या पोरीनं आजच्या दिवशी माहेरी जेवलं तर भावाचं वर्ष बुडतं. जेवायला नकोच मला. फक्त आईचं स्टूल द्या. सण झाला की बायांबरोबर मीही बसेन. कुणाच्या जिवावर नाही राहायचं आता."

थियाम-होकनं ढिगाकडे पाहिलं. "इतके दिवस तू इथंच होतीस?"

"काल संध्याकाळी आले. जाळ्यांच्या खोलीत झोपले." मग ती जरा थांबून म्हणाली, "डाव्या हातानं जमेल असं वाटलं नव्हतं. पण ढीग आधीच उजवीकडे होता. बसले आणि हात चालला."

थियाम-होकनं ढिगातला एक शिंपला उचलला. काल संध्याकाळी. आणि शिंपले तर त्याच्या कितीतरी आधीपासून पडत होते. कुणीतरी पोरीसाठी जागा धरून बसलं होतं.

"सिऊ!" बुन-हिओंग दारात उभा होता. "आजचाच दिवस सापडला तुला? मी गावात खोली बघून देतो. परवापासून ये, कोण नको म्हणतंय? पण आज नको. नवीन होडी पाण्यात घालतोय मी."

"जाते, दादा."

ती उठली. थियाम-होकनं रिकामं स्टूल उचललं, काखोटीला मारलं आणि घराकडे चालू लागला.

"बाबा! निदान आईला विचारा तरी. कौल टाका!" बुन-हिओंग मागून म्हणाला.

"विचारायचं काय? पोर बाहेर आहे म्हणून तिनं अजून घास घेतलेला नाही, कळत नाही का तुला?" त्यानं घरात येऊन चंद्रकोरी खिशात घातल्या आणि स्टूल टेबलाशी ठेवून मागोमाग आलेल्या पोरीला बसवलं.

स्टूल इतकं बुटकं होतं की बसल्यावर सिऊ-किमची हनुवटी टेबलाला लागली. सून हसली, मग तोंड फिरवून तिनं डोळे पुसले. तिनं वाटीशेजारी चमचा ठेवला. सिऊ-किमनं चमचा बाजूला सारला आणि डाव्या हातात जेवायच्या काड्या धरल्या. घास दोनदा निसटला. तिसऱ्यांदा तोंडात गेला.

बुन-हिओंग बराच वेळ उभाच होता. शेवटी त्यानं खुर्ची ओढली.

तेव्हा शेडमधून आवाज आला. टक्. टक्. स्टूल तर इथं होतं. कुणी कुणाकडे पाहिलं नाही.

"वारा आहे," बुन-हिओंग म्हणाला, आणि त्यानं माशाचा मोठा तुकडा बहिणीच्या वाटीत घातला.