माझ्यावर बसून गोरख बोलायचा

मित्रांनो, आधी चपला काढा आणि मग माझ्यावर बसा. मी एक जुनी सतरंजी आहे. पालीच्या समाजमंदिरात कोपऱ्यात घडी घालून ठेवलेली असते. एके काळी मी दिसायला फार झोकदार होते. हे माझ्याच तोंडाने सांगते, कारण दुसरे कोणी सांगणार नाही.

माझा जन्म तुरुंगातला. कैद्यांनी मला मागावर विणले. भजनी मंडळाने विकत घेऊन मला राजगडाच्या पायथ्याला आणले. मग काय, सप्ताह असो, ग्रामसभा असो, साखरपुडा असो, माझ्याशिवाय गावाचे पान हलत नसे. लोक माझे कौतुक करत आणि माझ्यावरच आमटी सांडत. पुढे प्लास्टिकच्या खुर्च्या आल्या आणि मी अडगळीत पडले. उंदरांनी माझा एक कोपरा कुरतडला.

मला तिथून बाहेर काढले ते गावात आरोग्याचे काम करणाऱ्या आशा सेविकेने, रश्मीने. दर मंगळवारी ती मला झटकून अंथरी. मनाच्या मोठ्या आजारातून उठणारी माणसे माझ्यावर गोल करून बसत. गोळ्या तालुक्याच्या दवाखान्यातून मिळत. इथे प्रत्येकाने फक्त आपली गोष्ट आपल्या तोंडाने सांगायची. मधे कोणी शहाणपण शिकवायचे नाही.

गोरख सुरुवातीला माझे दोरे उपसत गप्प बसायचा. गडावर येणाऱ्यांना पिठलं-भाकरी देणाऱ्या धनाजीचा हा मुलगा. लोक त्याला वेडा म्हणत. एका मंगळवारी तो म्हणाला, "मला गडावरनं हाका यायच्या. वाटायचं, न्हाई गेलो तर घर बुडंल. म्हणून पळायचो. मी येडा न्हाई, मी लई भ्यालो हुतो."

कोणी हसले नाही. म्हाताऱ्या बनाबाई म्हणाल्या, "मलाबी यायच्या बाबा. आमच्या हिरीतनं."

गोरख त्यांच्याकडे बघतच राहिला. मित्रांनो, माझ्यावर मोठमोठी कीर्तने झाली, पण एवढा आनंद मला कधी झाला नव्हता.

त्यानंतर तो दर वेळी सांगे आणि दर वेळी गोष्ट थोडी बदले. आधी तिच्यात नुसता आजार होता. मग तिच्यात गोळी न चुकवणारा गोरख आला, भाकऱ्या भाजणारा गोरख आला. "आज हाक आली, पण म्या तवा सोडला न्हाई," असे सांगून तो स्वतःच हसला.

मग त्याच्या बहिणीची, सुलक्षणाची सोयरीक कामथडीच्या घराशी जुळू लागली. आमच्याकडे होकार देण्याआधी मुलाकडचा एखादा माणूस न सांगता गावात येतो, चहा पितो आणि घराची चौकशी करून जातो. धनाजीला त्याचीच धास्ती. तो समाजमंदिरात आला आणि मुलाला म्हणाला, "लगीन हुईस्तोवर हितं बसू नगंस. कुणी इचारलं, तर पुण्याला कंपनीत हुतो म्हणायचं."

"काका, त्याला बोलू द्या. बोलूनच तो सावरलाय," रश्मी म्हणाली.

"आन् पोरीचं लगीन मोडलं तर तू करून देशील व्हय?"

बहिणीसाठी गोरख मुकाट्याने उठला.

धनाजी वाईट माणूस नव्हता. पण जी गोष्ट सांगून मुलगा उभा राहिला होता, तीच त्याने गिळायला लावली. पाहुण्यांना दिसू नयेत म्हणून गोळ्या माळ्यावर गेल्या आणि मग चुकू लागल्या. गोरख खोटी कंपनी, खोटी खोली सांगत राहिला. हाका परत आल्या, पण आता ते सांगायचे कोणाला?

लग्नात मला वऱ्हाडासाठी अंथरले होते. अक्षता पडत असतानाच गोरख गर्दीतून उठला आणि गडाच्या वाटेने धावत सुटला. गावकऱ्यांनी त्याला कड्याजवळ धरले. परत आणला तेव्हा तो कोणालाच ओळखत नव्हता.

धनाजीने नवरदेवाच्या चुलत्याचे, रखमाजींचे पाय धरले. "पावनं, आमी लपावलं. पोरीला तेवढी नांदवा."

रखमाजींनी त्याला उठवले. "सोयरीक निघाली तवाच मी चवकशीला येऊन गेलो, मंगळवारच हुता. समाजमंदिराच्या ओट्यावर बसून म्या गोरखचं समदं ऐकलं. चारचौघांत असं खरं बोलणारा पोरगा ज्या घरात हाय, त्या घरातली पोरगी करायला काय हरकत, म्हणून तर आमी होकार दिला."

धनाजी माझ्यावर बसला आणि गोरखने उपसलेले दोरे चाचपू लागला. मला त्याचा राग होता, तरी त्या वेळी त्याची फार दया आली.

सुलक्षणा सुखात नांदते आहे. गोरख मोठ्या दवाखान्यातून घरी आला आहे, पण बोलत नाही. दर मंगळवारी धनाजी त्याला हाताला धरून आणतो आणि शेजारी बसतो. मागच्या खेपेला धनाजीने स्वतः तोंड उघडले. "मी गोरखचा बाप. पोरगा बोलत हुता. म्या त्याला गप केला."

सगळे गोरखकडे पाहू लागले. तो काहीच बोलला नाही.

मित्रांनो, मला अधूनमधून उन्हात घाला, उसवले तर टाका घाला. जुन्या वस्तूला तेवढे पुरे. पण तुमच्या घरात कोणी आपले दुखणे सांगत असेल, तर लोक काय म्हणतील म्हणून त्याला उठवू नका. त्याला बसू द्या, बोलू द्या. एकदा गप्प केलेले माणूस पुन्हा कधी बोलेल, हे मग कोणाच्याच हातात राहत नाही.