कोंड्याची चिमूट

मित्रांनो, मी एक जुनी वही आहे. लाल कापडी पाठीची, शंभर पानांची. एका मोठ्या शहरातल्या विद्यापीठाच्या ग्रंथालयात, कुलूपबंद कपाटात माझा मुक्काम आहे. माझ्या पाठीवर क्रमांक चिकटवला आहे आणि त्याखाली एका प्राध्यापक महाशयांचे नाव. खरे सांगते, त्या नावाशी माझे काही नाते नाही.

१९२७ साली महाडच्या बाजारपेठेत रघुवीर मास्तरांनी मला विकत घेतले. ते पोलादपूरच्या शाळेत शिकवत आणि रविवारी मला काखोटीला मारून जवळच्या कापडे गावाला जात. तिथे चंद्रभागा राहत असे. तिचा नवरा मुंबईला गिरणीत होता आणि चार वर्षांची लेक, बनू, त्याच पावसाळ्यात तापाने गेली होती. जात्यावर बसली की चंद्रभागा बनूच्या ओव्या गाई. मास्तर त्या माझ्यावर उतरवून घेत.

"दळता दळता पीठ उडं पदरावरी,
बनूबाय माजी खेळं उंबऱ्यावरी."

अशा सतरा ओव्या झाल्या. माझ्या आयुष्यातले ते सर्वांत चांगले दिवस. शेवटच्या रविवारी चंद्रभागेने विचारले, "मास्तर, मी इसरले तरी हिच्यात माजी बनू ऱ्हाईल ना?"

"राहील," मास्तर म्हणाले. "आता तुमचं पूर्ण नाव सांगा. खाली लिहितो."

आता नवऱ्याचे नाव ती कशी घेणार? मान खाली घालून तिने चाळणीतला चिमूटभर कोंडा उचलला आणि माझ्या पानावर ठेवला. "ह्ये हाय ना, त्येच."

मास्तर पडले महाडच्या पेठेतले. त्यांना वाटले, दळण उरकायचे आहे असे बाई सुचवते आहे. त्यांनी 'चंद्रभागा' एवढेच लिहिले, पुढे जागा सोडली, नंतर कोणाला तरी विचारू म्हणाले आणि मला मिटले. चिमूट आतच राहिली. पुढच्याच आठवड्यात त्यांची महाडला बदली झाली आणि विचारायचे राहून गेले.

मग प्राध्यापक महाशय महाडला व्याख्यानाला आले आणि "वाचून परत करतो" म्हणून मला घेऊन गेले. मास्तरांना कोण आनंद झाला! चार वर्षांनी पुस्तक निघाले. पहिल्याच पानामागे ठळक छापले होते, 'सर्व हक्क ग्रंथकर्त्याचे स्वाधीन.' मास्तरांचे नाव कुठे नव्हते. चंद्रभागेचेही नव्हते, अर्धवट नाव काय छापायचे, असे महाशय म्हणाले ते मी स्वतः ऐकले. ओवी सगळ्यांना लागू पडावी म्हणून त्यांनी बनूचे नाव खोडून 'बाळ' केले, सतराही ओव्यांत. काम झाल्यावर 'स्वसंग्रहातील वही' म्हणून मला इथे देऊन टाकले.

१९३४च्या मे महिन्यात एक ओळखीचा आवाज कानी आला. रघुवीर मास्तर ग्रंथपालांना सांगत होते, "बाजारच्या दिवशी बाईंना छापील पुस्तक वाचून दाखवलं. शेवटपर्यंत ऐकलं त्यांनी. मग म्हणाल्या, 'मास्तर, ह्यात माजी बनू नाय. ती कुटं ठेवलीत?' त्यांना आता ओव्या आठवत नाहीत हो. एवढ्या सतरा ओव्या उतरवून घेऊ द्या."

ग्रंथपाल भले गृहस्थ, पण नियमापुढे त्यांचे काही चालेना. "हक्क प्राध्यापकांचे आहेत. त्यांच्या लेखी परवानगीशिवाय नक्कल करता येत नाही. बसून वाचा हवं तर."

परवानगीसाठी मास्तरांनी तीन पत्रे पाठवली होती. एकाचेही उत्तर आले नव्हते.

मास्तर वाचत बसले, शाळेतल्या मुलासारखे ओठ हलवत, पाठ करत. शेवटच्या पानावर त्यांना ती चिमूट दिसली. त्यांनी ती बोटाने चाचपली आणि हात तिथेच थांबला.

"कोंडा," ते पुटपुटले. "कोंडाजी. अरे देवा, नाव सांगत होती ती."

त्यांनी रिकाम्या जागेवर पेन्सिल टेकवली. ग्रंथपालांनी हलकेच त्यांचा हात धरला. "ग्रंथालयाच्या वस्तूवर लिहायचं नसतं, मास्तर."

पाच वाजले. मास्तर ओव्या पुटपुटत जिना उतरले. त्यांतल्या किती कापड्यापर्यंत पोचल्या, मला कधी कळले नाही. त्याचे मला फार दुःख आहे.

मित्रांनो, वह्या जपा, पाने दुमडू नका, हे तुम्हाला शाळेत सांगतातच. माझे मागणे निराळे आहे. कोणाकडून काही लिहून घ्याल तेव्हा त्याचे नाव पुरे लिहा. कळले नाही तर पुन्हा विचारा आणि मगच वही मिटा. माझी निगा इथे उत्तम राखतात. मास्तर गेल्यावर ग्रंथपालांनी मला पान न् पान तपासले. शेवटच्या पानावर त्यांना केर दिसला, आणि तो त्यांनी हळुवार फुंकर घालून उडवून दिला.