चार किलो वजा

"काटा चार किलो जास्त दाखवतो. प्रत्येकाचे चार वजा करून कार्डं भरा," मुख्याध्यापक दिगंबर सर म्हणाले.

मंदाकिनीबाईंनी कपाटातून वीस किलोचे लोखंडी वजन दोन्ही हातांनी काढून काट्यावर ठेवले. धायरीच्या या शाळेत परिचारिका म्हणून बावीस वर्षे, मुलांना काट्यावर उभे करण्याआधी, त्या हेच करीत आल्या होत्या. काट्याने वीस दाखवले.

"ते वजनही जुनंच आहे."

"लोखंड म्हातारपणी हलकं होतं, हे मला माहीत नव्हतं."

"अहो बाई, गेल्या वर्षी तुम्ही पाचवीच्या निम्म्या पालकांना डॉक्टरांसाठी चिठ्ठ्या दिल्यात. ते कँटीनबद्दल विचारायला लागले, मैदानाबद्दल विचारायला लागले."

"मग उत्तरं द्यावीत."

"चार वजा करा."

"लेखी द्या."

"लेखी मिळणार नाही," असे म्हणून सर निघून गेले.

बाईंचा संताप आरडाओरडा करणारा नव्हता. तो मोजमाप करणारा होता. पाचवीच्या वर्गापासून कँटीनची खिडकी अकरा पावलांवर, पिण्याच्या पाण्याचा नळ चौऱ्याहत्तर. मैदानावर नऊ स्कूलबस. खेळाचा तास वर्गात, बाकावर बसून. आणि याउपर मूल जाड झाले, की दोष त्याच्या जिभेचा.

पाचवीच्या यादीत ईश्वरीचे नाव होते. वय दहा, उंची एकशे अडतीस, वजन चव्वेचाळीस. चार वजा केले, की तिला चिठ्ठीची गरज उरत नव्हती. मानेवर मात्र मखमलीसारखा जाड, काळा पट्टा होता आणि त्यावर ताजे ओरखडे.

"हे कशानं झालं?"

"आजी वज्रीनं घासते. मळ निघत नाही म्हणून."

शाळा सुटल्यावर आजी, तुळजाबाई, न्यायला आल्या. बाईंनी त्यांना आत बसवले.

"आजी, हा मळ नाही. रक्तातली साखर बिघडायला लागली, की मान अशी होते. पाय घासायचा दगड मानेला लावू नका."

तुळजाबाईंचा हात आपसूक नातीच्या मानेवर गेला. "लई रडायची वो. मी म्हनायची, नाटकं करती." त्यांनी तिची कॉलर नीट केली. "आमाला वाटलं, खात्यापित्या घरची पोर हाय, अंगानं भरली."

बाईंनी कार्डावर चव्वेचाळीस लिहिले. शाळेचा शिक्का सरांच्या खणात होता. म्हणून चिठ्ठी साध्या कागदावर लिहून खाली आपले पूर्ण नाव घातले.

"उद्याच डॉक्टरांकडे न्या. ते रक्त तपासतील. आणि हिला रोज पळू द्या."

"कुठं पळंल? सोसायटीत वॉचमन वराडतो." तुळजाबाई खिडकीबाहेर बसगाड्यांकडे बघत राहिल्या. "हितं आमचं खळं व्हतं. मालकांनी शाळेला फुकट दिलं, पोरास्नी खेळाया. तसं कागदावर लिवलंय."

"कागद आहे तुमच्याकडं?"

"हाय की. ट्रंकंत."

"डॉक्टरांकडून आलात, की तो घेऊन या. मी असेन." असण्याची खात्री आता बाईंना नव्हती.

चिठ्ठी कमरेच्या पिशवीत खोचून तुळजाबाई उठल्या. मैदानाच्या कडेला त्या थांबल्या, खळ्यात शिरताना काढत तशा त्यांनी चपला काढल्या आणि नातीलाही बूट काढायला लावले. दोघी अनवाणी, डिझेलचे डाग पडलेल्या जमिनीवरून, गाड्यांच्या मधून चालू लागल्या.

मागून एका बसने हॉर्न दिला. तुळजाबाईंनी मागे पाहिले नाही. त्या फक्त नातीला म्हणाल्या, "पळ."