रंभाबाईचा दगड

सायलीचा हात मूळचाच चांगला. बावधनच्या एका ऑफिसात बसून ती सूस-बाणेरकडच्या फ्लॅटांसाठी स्वयंपाकघरांची डिझाइनं करायची. ज्यांच्यावर बहुतेक वेळा चहाच होणार असे देखणे ओटे! ते सगळं काम कॉम्प्युटरवर, पण पर्समध्ये पेन्सिल असायचीच. पौडच्या पुढं तिचं सासर. सुनेला चित्रं काढता येतात हे गावाला कळलं, आणि मग गाव कुणाला सोडतं होय? शाळेच्या भिंतीवरचा मोर, देवळापुढची रांगोळी, सगळं तिच्याच गळ्यात.

यंदा ओढ्यावर बांधायचा धुण्याचा घाट तिच्या वाट्याला आला. तिचे चुलत सासरे जयसिंगराव सरपंच. ते एका संध्याकाळी ओसरीवर येऊन टेकले.

"सूनबाई, गवंडी म्हनतोय, सरळ कट्टा वढतो. पर बायकांचा काय नेम? तू आधी एक चितार काढ, सभेत लावू. चितार बघितलं की मान्सं गप बसत्यात."

इथंच जयसिंगरावांचा अंदाज साफ चुकला, पण ते पुढं येईल.

सायली हरखून गेली. सुट्टीच्या दिवशी सकाळी उठून ती वही घेऊन ओढ्यावर जाऊन बसू लागली. काठाला बायकांचे दगड होते, जिचा तिला ठाऊक असलेला. बाई गेली की तिचा दगड सुनेकडं यायचा, आणि बाई असेपर्यंत त्यावर दुसऱ्या कुणी बसायचं नाही. हे कुणी कुठं सांगितलेलं नव्हतं, पण मोडलेलंही नव्हतं. धनगरवाड्यावरच्या बायका मात्र खालच्या अंगाला धुवायच्या. वरच्यांच्या साबणाचा फेस त्यांच्याकडं वाहत जायचा.

सायली ओढ्यावरून घरी आली की सासूबाई, म्हणजे रंभाबाई, खुर्ची पुढं ओढून बसायच्या. त्यांचे गुडघे गेले होते. उकिडवं बसायचं नाही म्हणून डॉक्टरांनी बजावलं होतं. मग किशोरनं, त्यांच्या लेकानं, आईसाठी धुण्याचं मशीन आणलं. मशीन गुणाचं होतं, कपडे स्वच्छ निघायचे. पण रंभाबाई त्याच्यासमोर बसून त्या गोल काचेत कपडे फिरताना बघत राहायच्या. जन्मभर ओढ्यावर बोलून आलेल्या बाईनं आता काचेशी काय बोलायचं? त्या दिवसेंदिवस गप्प होत चालल्या होत्या, आणि घरात कुणाच्या ते फारसं ध्यानात आलं नव्हतं.

"कोन कोन आलं हुतं?" त्या विचारायच्या. मग सायली वही उघडायची. ही रत्नाबाई, ही नलिनी, ही खालून कळशी घेऊन आलेली धनगरवाड्यावरची बयाबाई. रंभाबाई एकेक चित्र डोळ्यांजवळ नेऊन बघायच्या.

"आन माझा दगूड?"

"मोकळाच आहे, आई."

"मोकळाच हाय व्हय?" म्हणायच्या, आणि तेवढ्यावर त्यांचा दिवस बरा जायचा.

शेवटी सायलीनं मोठं, रंगीत चित्र केलं. वाकडातिकडा काठ जाऊन एका रेषेत सिमेंटचा ओटा, त्यावर सारख्या अंतरानं बसवलेले दगड, मागं करंजाची सावली. घाट ओकाबोका दिसू नये म्हणून तिनं वहीतल्या सगळ्या बायका त्यावर बसवल्या. मधोमध एक जागा रिकामी राहिली. चित्राच्या ऐन मध्यावर भोक पडल्यासारखं दिसत होतं ते. तिनं सहज म्हणून तिथं बयाबाईला बसवली आणि बावधनहून मोठी छपाई करून आणली.

सभा देवळात भरली. चित्र लावलं मात्र, बायका त्यावर तुटून पडल्या. घाट किती लांब, पाणी कुठून जाणार, याची कुणाला फिकीर नव्हती. जी ती स्वतःला शोधत होती.

"मला अशी कडंला का वं टाकली?" रत्नाबाई कडाडल्या. "कडंला दुपारपातूर ऊन आसतंय!"

"आन माझ्या शेजारी हिला? माझं हिचं बोलनं तरी हाय का?" नलिनी म्हणाली.

"अहो, ते नुसतं चित्र आहे," सायली सांगत होती. "जागा काही ठरवल्या नाहीत."

"ठरीवल्या न्हाईत तर छापल्या कशाला?"

जयसिंगराव टोपी काढून डोकं खाजवू लागले. एवढ्यात कुणीतरी बोट ठेवून म्हणालं, "ह्यो मधला दगूड रंभाबाईचा न्हवं? तितं बयाबाई कशी?"

सगळ्यांनी वळून पाहिलं. किशोरच्या खांद्याचा आधार घेऊन रंभाबाई खास चित्र बघायला आल्या होत्या. त्यांची नजर चित्राच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली, आणि परत आली. गावातली धुणं धुणारी प्रत्येक बाई तिथं होती. त्या नव्हत्या.

"ब्येस काढलंय," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "बसू द्या बयाबाईला. तिला तरी चांगली जागा कुटं हाय? चल रं किशोर, घरी."

सायलीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिनं जे दिसलं ते काढलं होतं. जी ओढ्यावर येऊच शकत नव्हती ती दिसणार कशी, हा विचार तिला शिवलासुद्धा नव्हता. आणि ती बाई दर वेळी तिच्याच घरात, तिच्यासमोर बसून विचारत होती.

घरी पोचते तो बयाबाई दारात हजर. "वैनी, देवाशपथ, मी न्हाई बसले तुमच्या दगडावं. हिनंच बसिवली मला!"

"म्हाईत हाय गं," रंभाबाई म्हणाल्या. "ये, च्या घे." पण स्वतः त्यांनी कप उचलला नाही. नंतर नुसतं एवढं म्हणाल्या, "जित्या बाईचा दगूड कुनी दुसऱ्याला देतंय का गं, सायली?"

"चुकलं माझं, आई," सायली म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते.

दुसऱ्या दिवशी तिनं ऑफिसला दांडी मारली. सासूबाईंना तिनं आधी पाटावर बसवलं, मग स्टुलावर, मग पायरीवर, मग कणगीशेजारच्या ओट्यावर. प्रत्येक वेळी म्हणायची, "आता उठा बघू."

"आगं, खुळी झालीस का? काय लावलंयस ह्ये?"

पाटावरून त्यांना उठवेना. स्टुलावरून उठल्या, पण कण्हत. न्हाणीघराच्या पायरीवरून मात्र भिंतीला हात लावून एकदम उठल्या, आणि स्वतःच चकित झाल्या. सायलीनं त्या पायरीची उंची मोजली, भिंतीला टेकलेल्या हाताचीही मोजली. मग ती बयाबाईकडं गेली आणि बराच वेळ तिच्याशी बोलत बसली.

पुढच्या सभेतलं चित्र साधंच होतं, पेन्सिलचं. काठ होता तसाच वाकडा, दगड होते तिथंच. फक्त खालच्या अंगाचे दगड वरच्यांच्या बरोबरीला आणलेले, आणि साबणाचं पाणी मागून चरातून वेगळं काढलेलं. रंभाबाईचा दगड बांधकामावर उचलून घेतलेला, त्याच्यासमोर पायरीएवढी बैठक, बाजूला धरायला लोखंडी पाइप. एवढ्या उंचीवर पाणी चढणार नव्हतं. बादली भरून द्यायला शेजारीण लागणार होती. शेजारचा दगड बयाबाईचा होता.

"आन मान्सं कुटं गेली?" रत्नाबाईंनी विचारलं. त्यांना आता त्याचंच वाईट वाटत होतं.

"माणसं आपापली येतील," सायली म्हणाली.

वरच्या आळीतल्या दोघीतिघींनी खालच्या दगडांवरून नाकं मुरडली. तेव्हा रंभाबाईच बसल्या जागेवरून म्हणाल्या, "मला बादली तू भरून देनार हायेस का गं? मंग गप ऱ्हा." घाट मंजूर झाला.

गवंड्यानं पावसाच्या आधी काम उरकलं. पहिल्या सकाळी सायली सासूबाईंना घेऊन ओढ्यावर गेली. एका हातात त्यांचा हात, दुसऱ्यात कपड्यांची बादली. वही तिनं मुद्दामच नेली नव्हती. तिला त्या वहीची जरा भीतीच बसली होती. रंभाबाईंनी पाइप धरला, बैठकीवर टेकल्या, पाय खाली सोडले. बयाबाईनं भरलेली बादली वर सरकवली. रंभाबाईंनी दगडावर पाणी ओतलं, तळहातानं तो एकदा पुसला, आणि मग लुगडं आपटायला सुरुवात केली. तोंडही लगेच सुरू झालं. नलिनीच्या लेकीचं जमलं का, इथपासून जी सुरुवात झाली ती संपेचना. सायली काठावर बसून नुसती ऐकत राहिली.

मध्येच रंभाबाई थांबल्या.

"नुसती बघत काय बसलीस? काढ की मला."

"वही घरी राहिली, आई."

"मंग जा, घिऊन ये," त्या म्हणाल्या आणि पुन्हा लुगडं उचललं. "मी हाय हितंच."